बारा सेकंदांचा लेप आणि अर्जातील एकच रकाना: माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान कारखान्यात ठिबक सिंचनाच्या पंपांसाठी नियंत्रक तयार होतात. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांत ते बसतात. तिथली बोर्डो मिश्रणाची फवारणी, गंधकाची भुकटी आणि पंपघरातील ओल यांमुळे उघड्या सर्किट बोर्डावरचे जोड काही महिन्यांत हिरवे-काळे पडतात. म्हणून ब्रशने लावायचे जुने वॉर्निश सोडून अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा लेप वापरायचे आम्ही ठरवले. यंत्र निवडणे, दिवा बसवणे, कामगारांना शिकवणे हे सारे तीन आठवड्यांत पार पडले. त्यानंतर ग्राहक कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या एका मंजुरी-अर्जात आमचे एक्केचाळीस दिवस गेले, आणि त्याची चीड आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या अर्जात 'लेप घट्ट होण्याचा वेळ (सेकंद)' असा एकच रकाना होता. पहिल्या वेळी मी त्यात १२ लिहिले. दिव्याखाली बारा सेकंदांत लेप खरोखरच कोरडा होत होता. नमुने गेले, आणि आठ दिवसांनी उत्तर आले की रिलेखालचा (बोर्डावरच्या विद्युत-स्विचखालचा) लेप ओला आहे, प्रक्रिया अस्थिर आहे, अर्ज नामंजूर.

रिलेखाली लेप ओला होता, हे खरेच होते. पण त्याचे कारण प्रक्रियेची अस्थिरता नव्हते. अतिनील प्रकाश पडला की लेपातील प्रकाश-आरंभक द्रव्य फुटते आणि ॲक्रिलेटचे रेणू साखळीने जोडले जातात. जिथे प्रकाश पोहोचत नाही, तिथे ही साखळी सुरूच होत नाही. आमचा बोर्ड म्हणजे सपाट काच नव्हे. त्यावर उंच कपॅसिटर आहेत, रिले आहेत, आयसीचे (चिपचे) बारीक पाय आहेत, आणि पातळ लेप केशाकर्षणाने या सगळ्यांच्या पोटाखाली शिरतो. दिवा कितीही प्रखर केला तरी त्या सावलीत काही फरक पडत नाही. यासाठीच आम्ही दुहेरी लेप निवडला होता: उघडा भाग प्रकाशाने घट्ट होतो, आणि सावलीतला भाग लेपातील आयसोसायनेट गट हवेतील बाष्पाशी संयोग पावून सावकाश घट्ट होतो. या दुसऱ्या टप्प्याला उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना सात दिवस लागतात.

दुसऱ्या अर्जात मी '१२ सेकंद + ७ दिवस' असे लिहिले. रकान्यात फक्त आकडा चालतो, या कारणाने तो परत आला. तिसऱ्या वेळी मला फोनवर सांगण्यात आले की सगळा वेळ सेकंदांत मांडा. सात दिवसांचे सहा लाख चार हजार आठशे सेकंद होतात. तो आकडा लिहिला, तर एका बोर्डाला आठवडा लागत असल्याने पुरवठा शक्य नाही, असा शेरा मिळाला. सात दिवस बोर्ड यंत्रात अडकून नसतो, तो ट्रेमध्ये ठेवलेला असतो आणि त्या वेळात त्याची जोडणीही करता येते, हे समजून घेण्याची तयारी त्या टेबलापाशी कोणाचीच नव्हती.

शेवटी मी अर्ज बाजूला ठेवला आणि त्यांच्या उत्पादन विभागातील एका अभियंत्याला कारखान्यात बोलावले. एक बोर्ड मुद्दाम खर्ची घालून रिले उपटला आणि लाकडी काडीने खालचा लेप टोचून दाखवला: पहिल्या दिवशीच्या बोर्डावर काडी चिकटली, नवव्या दिवशीच्या बोर्डावर नाही. त्यांनी दोन टप्प्यांचे स्वतंत्र परिशिष्ट जोडायला मान्यता दिली, आणि पाचव्या दिवशी मंजुरी हातात पडली. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी हे परिशिष्ट पहिल्याच अर्जाला जोडावे, विचारण्याची वाट पाहू नये.

नवव्या दिवशीचा बोर्ड का, हेही सांगायला हवे. तो मार्च होता, आणि नाशिकच्या मार्चमधील दुपारी हवा फार कोरडी असते. आमच्या आर्द्रतामापकावर २२ टक्के दिसत होते. बाष्पच नसेल तर सात दिवसांचे गणित जुळणार कसे? आम्ही झाकणाच्या मोठ्या पेटीत मिठाच्या संपृक्त द्रावणाचे ताट तळाशी ठेवले आणि वर जाळीवर बोर्ड मांडले. असे द्रावण बंद जागेत आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर स्थिर धरते. या साध्या उपायाचा मला आजही अभिमान वाटतो.

आणखी काही गोष्टी आठवतात. दिव्याची शक्ती अंदाजाने धरू नये, मापक घ्यावा; १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर या तीव्रतेने बारा सेकंदांत दर चौरस सेंटिमीटरला १२०० मिलिज्यूल ऊर्जा मिळते, पण दिवा जुना होतो तसा हा आकडा घसरतो. धारदार कडांवरून लेप पृष्ठताणामुळे मागे सरतो, म्हणून आयसीच्या पायांवर आधी जेलसारख्या दाट प्रकाराचा एक थर द्यावा. जाडी मात्र सपाट, मोकळ्या जागीच मोजावी. आयपीसी-ए-६१० या इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या मानकामध्ये युरेथेन आणि ॲक्रिलिक लेपांसाठी ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर ही मर्यादा दिली आहे. या सगळ्याच्या आधी फ्लक्सचा (डाख देताना वापरलेल्या द्रव्याचा) अवशेष आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, नाहीतर लेप तिथे फाटून मागे हटतो. काळ्या प्रकाशाच्या (अतिनील तपासणीच्या) दिव्याखाली पाहिले तर लेप निळा चमकतो आणि सुटलेली जागा लगेच काळी दिसते. हातमोजे, अतिनील चष्मा आणि हवा खेचणारा पंखा यांत काटकसर करू नये, कारण आयसोसायनेटची बाधा श्वासावाटे होते आणि एकदा झालेली संवेदनशीलता सहसा जात नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मिठाची पेटी आम्ही काढून ठेवली. त्याच आठवड्यात उघड्या राहिलेल्या डब्यातील लेपावर साय धरली, कारण आता हवेतील बाष्प डब्यातही शिरू लागले होते. तेव्हापासून डबा बंद करण्यापूर्वी त्यात कोरडा नायट्रोजन सोडतो, आणि दिवसभराला लागेल तेवढाच लेप काळ्या सिरिंजमध्ये काढून घेतो.