गोदाघाटावरची निळी ताडपत्री

नाशिकच्या गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. काळ्या दगडाच्या पायऱ्या, नारोशंकराच्या देवळाचं शिखर, पाण्यात हलणारी प्रतिबिंबं, कडेला धुणं धुणारी एखादी बाई. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी हा घाट वर्षानुवर्षं रंगवला, आणि ती चित्रं सुंदरच आहेत. पण या बुधवारी घाटावर जे दिसलं ते मनातून जाईना. पाच-सहा जण मांडीवर बोर्ड घेऊन रंगवत बसले होते. समोर आठवडे बाजार भरलेला, गाडगे महाराज पुलाच्या आजूबाजूला नजर जाईल तिथे निळ्या ताडपत्र्या. आणि एकाच्याही कागदावर ताडपत्री नव्हती! सगळ्यांनी तेवढा भाग गाळून मागचं देऊळ पुढे ओढून घेतलं होतं.

वाईट वाटलं. त्या सकाळी घाटावर रंगवण्यासारखं सगळ्यात देखणं काही असेल तर ती ताडपत्रीच होती.

मंगळवारी रात्री पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडला उतरले, तिथून रिक्षाने गावात. लॉजवर झोप जेमतेम. शुक्रवारी पांडवलेणी आणि त्र्यंबक झालं. गर्दीच जास्त पाहिली. लिहायचंय ते बुधवारचं.

आधी बसायची जागा. नाशिकच्या काठावर बसून पंचवटीकडे तोंड केलं तर सकाळी ऊन समोरून येतं. पलीकडची देवळं अशा वेळी सपाट, करड्या आकारांसारखी दिसतात, म्हणून बरेच जण ही वेळ टाळतात आणि संध्याकाळी येतात. ताडपत्रीसाठी मात्र हीच वेळ हवी. ऊन तिच्या मागून येत असेल तरच ती आतून पेटल्यासारखी दिसते. डोक्यावर ऊन पडलं की नुसतं चकाकणारं प्लास्टिक उरतं.

एका भाजीवाल्या मावशींनी भाजीच्या दोन क्रेटमधली जागा दिली, बसायला गोणपाट दिलं. त्या ताडपत्रीखाली बसल्यावर पहिल्यांदा डोळे फसतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात आपण सगळ्यांनी भाजीबाजार काढलेला आहे: टोपली, तराजू, लाल टोमॅटो, हिरवी कोथिंबीर. हात अजून तेच काढायला जातो. पण निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटो लाल नसतो. तिच्यातून मुख्यतः निळाच उजेड खाली येतो, आणि टोमॅटोचा पृष्ठभाग निळा उजेड गिळून टाकतो. त्याला परत फेकायला लाल उजेड फारसा मिळतच नाही. म्हणून तो काळपट, जांभळट-तपकिरी दिसतो. कोथिंबीर काळसर होते, पांढरा सदरा फिकट निळा, आणि माणसाच्या गालावरची ऊब निघून जाते. फक्त ताडपत्रीच्या कडेला, जिथे थेट ऊन आत शिरतं तिथे, चार बोटांच्या पट्ट्यात टोमॅटो खरोखरचा लालभडक असतो. सगळं चित्र त्या पट्ट्यात आहे. आत गार निळं, कडेला तापलेलं लाल.

रंगवायचं कसं, ते नीट सांगते, कारण हे बहुतेकांचं इथेच बिघडतं. कागद ३०० जीएसएम, म्हणजे चांगला जाड, ११ बाय १५ इंच पुरे. मार्चच्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दोन मिनिटांत वाळतो, म्हणून कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डावर चिकटवावा. निळ्यासाठी थॅलो ब्लू. सेरुलियनचा मोह होतो, कारण ट्यूबमध्ये तो ताडपत्रीसारखाच दिसतो. पण तो बराच अपारदर्शक आहे, त्याने ताडपत्री पत्र्यासारखी दिसते, उजेड आरपार येत नाही. अल्ट्रामरीनची अडचण वेगळी. त्यावर दुसरा रंग चढवला की खालचा थर उचलला जातो आणि दोन्ही मिळून मळतात. थॅलो कागदात रुततो, वाळल्यावर हलत नाही. तीच त्याची खोड आणि तोच त्याचा उपयोग.

तर उन्हाचा पट्टा कोरा सोडून बाकी सगळ्यावर, म्हणजे भाजी, माणसं, क्रेट, सगळ्यावर, अगदी पातळ थॅलोचा एकच सलग वॉश. पूर्ण वाळू द्यायचा. कागदाला हाताची मागची बाजू लावून बघावी. गार लागला तर आत अजून ओल आहे. घाई केली तर पाणी मागे सरकून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडतात. मग टोमॅटोवर गडद लाल क्रिम्सनचा एक पातळ थर. खालच्या निळ्यामुळे तो आपोआप काळपट जांभळा होतो, वेगळी सावली लावावी लागत नाही. पट्ट्यातल्या टोमॅटोला मात्र कोऱ्या कागदावर भडक लाल व्हर्मिलियन, आणि ब्रश तिथे एकदाच टेकवायचा.

दोन ताडपत्र्या एकमेकींवर चढतात तिथे निळा दुप्पट गडद होतो. ती कड धारदार ठेवायची. आणि भोकं! जुन्या ताडपत्रीला बारीक भोकं असतातच, त्यातून पडलेले उन्हाचे ठिपके भाजीवर दिसतात. भोक तिरकं-चिरकं असलं तरी ठिपका गोलसर पडतो, कारण ती भोकाची सावली नव्हे, ती सूर्याची प्रतिमा आहे. सहा-सात फूट उंचीवरून तो साधारण पाऊण इंचाचा होतो. सकाळी दहाच्या सुमाराला किरण तिरपे असल्याने जरा मोठा आणि लांबट. दुपारपर्यंत गोल होत येतो. एका वांग्यावर असा एक ठिपका होता, काळ्या-जांभळ्या सालीवर एवढीशी पिवळी लंबगोल टिकली. हळूहळू सरकत तो देठापर्यंत गेला. त्या टिकलीसाठी कागद आधीच राखून ठेवावा. नंतर पांढरा रंग लावला तर ती खडूसारखी दिसते.

मावशी मध्येच डोकावल्या. "ताई, ठिगळ हिकडं हाय," म्हणाल्या आणि बोटाने डावा कोपरा दाखवला. ताडपत्रीचं ते ठिगळ माझ्या चित्रात उजवीकडे गेलं होतं, रचनेच्या सोयीसाठी. त्यांचं बरोबर होतं. ठिगळ मूळ जागी ठेवल्यावर दोरी का तिरकी ताणलीय तेही कळलं: फाटलेल्या कडेवरचा ताण काढण्यासाठी.

चित्रकार भूपेन खख्खर बडोद्यात हिशेबाचं काम सांभाळून रंगवत. १९७२ साली त्यांनी 'जनता वॉच रिपेअरिंग' केलं, म्हणजे घड्याळ दुरुस्तीचं एक साधं दुकान. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते; १९७७ साली त्यांनी इराणी हॉटेलात बसलेला माणूस रंगवला. दोघांनीही समोरचं गाळून जुनं, गोजिरं काही पुढे आणलं नाही. घाटावर बसताना मला ही दोन चित्रं हवीहवीशी वाटत होती, तंत्रासाठी नव्हे, धिटाईसाठी. नाशिकच्या हातात तंत्र भरपूर आहे.

दुसऱ्या दिवशी भांडी बाजार. तिथेही तेच. वस्तुचित्रातला तांब्या आपल्याला पाठ असतो आणि तो पाठ असणंच आड येतं. मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकलेल्या, हंड्यावर ठोक्यांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ठोका हा छोटा आरसा असतो. सगळे ठोके एकाच मापाचे काढले की हंड्याचं सीताफळ होतं. पोटावर ते रुंद दिसतात, कडेकडे जाताना अरुंद होत चिकटत जातात, आणि चमक फक्त मधल्या मूठभर ठोक्यांत असते. शिवाय तांबं प्रतिबिंबालाही आपला रंग देतं. शेजारच्या स्टीलच्या डब्यात आभाळ निळंच दिसतं, तेच आभाळ हंड्याच्या खांद्यावर जांभळट करडं होतं. म्हणून सावलीत काळा घालू नये. क्रिम्सन आणि अल्ट्रामरीन पुरतं. आणि हंड्याच्या पोटात जे दिसतं ते सोडू नये. अर्धवट उघडलेलं शटर, त्यापुढून जाणारी स्कूटर, दुकानदाराचा गुलाबी शर्ट, सगळं त्या पोटावर वाकून, ठोक्याठोक्यात तुटून दिसत होतं. शर्टाचे मी सतरा तुकडे मोजले. नऊ रंगवून झाले तेव्हा दुकानदार गिऱ्हाईकाला हंडा दाखवायला उठले, आणि उरलेले आठ कोरेच राहिले.