कडी नसलेली खोली

परवा दुपारी समोरच्या झेंड्याच्या खांबावर सैल राहिलेला दोर वाऱ्याने टक् टक् आपटू लागला, आणि हातातले वर्तमानपत्र हातातच राहून मी मनाने माझ्या लहानशा शिडाच्या होडीत जाऊन बसलो. शीड चढवण्याचा दोर डोलकाठीवर असाच रात्रभर आपटत राहतो. बारीक दोरीने तो बाजूला ओढून बांधला की गप्प बसतो; पण हे शहाणपण अंथरुणात शिरल्यावरच सुचते.

होडीवर एकट्याने रात्र काढायची ती विश्रांतीसाठी, असे मी सगळ्यांना सांगतो. संध्याकाळी शीड उतरवून गुंडाळावे, नांगर टाकावा, चोहीकडून दिसणारा पांढरा दिवा वर लावावा आणि जिथे ताठ बसताही येत नाही अशा त्या खोलीत आडवे होऊन, उशीपासून वीतभर अंतरावर पाणी लाकडाला चाटत असलेले ऐकावे, यासारखे सुख नाही.

अडचण एवढीच, की या खोलीला कडी नाही. आमचे वडील रोज रात्री दाराची कडी लावून अंथरुणापर्यंत येत, आणि परत जाऊन ती चाचपून पाहत; आम्ही भावंडे पांघरुणात तोंड खुपसून हसत असू. तो वारसा नेमका माझ्याच वाट्याला आला आहे. होडीवर कडीच्या जागी नांगर असतो. ओहोटीचे पाणी ३ मीटर, भरतीची वाढ २ मीटर, होडीच्या टोकाची उंची १ मीटर, आणि या सहाच्या सातपट, म्हणजे ४२ मीटर दोर सोडला, की ओढ आडवी पडून फाळ चिखलात रुततात, हा हिशेब मी झोपेतही मांडू शकतो, किंबहुना झोपेच्या वेळीच मांडतो. दोर अपुरा पडून नांगर सुटला, तर तो नावाला जागून तळाची नांगरट करत निघतो.

१८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जोशुआ स्लोकम मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या परिसरात रात्री डेकवर टोकदार चुका पसरून झोपे आणि अनवाणी येणाऱ्या चोरांचा ओरडा ऐकून जागा होई. माणूस आमच्या वडिलांच्या पंथाचा असावा.

गेल्या खेपेला मध्यरात्र उलटल्यावर जाग आली, तर उजव्या खिडकीत दिसणारा किनाऱ्यावरचा दिवा नाहीसा झालेला. धडपडत वर गेलो. दिवा डावीकडे होता. भरती सरून ओहोटी लागली होती आणि होडी नांगराभोवती अर्धे वळण घेऊन निवांत उभी होती. तरीही मी दोराला हात लावून पाहिला, खाली आलो आणि पुन्हा वर गेलो.

दुपारचा तो दोर काही माझा नव्हता. मी उठून खिडकी लावून घेतली. दोनदा.