लेट हार्वेस्ट रीस्लिंग, अपडेट ३: थांबता थांबेना

मंडळी, बरेच दिवस गप्प होतो कारण घरच्या वाइनचा रस नुसता बुडबुडत होता, त्यावर काय लिहिणार. आता लिहिण्यासारखं घडलंय, थोडं लाजिरवाणं आहे पण असो.

नवीन लोकांसाठी पटकन: थंड हवेतल्या मळ्यातलं रीस्लिंग (पांढऱ्या वाइनची द्राक्षं), नेहमीच्या तोडणीनंतर पाचेक आठवडे वेलीवरच ठेवलेलं. मणी सुरकुतलेले, काही तपकिरी, बॉट्रायटिस ही बुरशी लागलेले. ही बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं नि साखर घट्ट होते, पण हवा दमट राहिली की तीच बुरशी सगळा घड सडवते. म्हणून एकेक घड नाकाशी धरून बघितला, व्हिनेगरचा वास आला की बाहेर, हिरवी बुरशी दिसली की बाहेर. २० किलोतून रस निघाला जेमतेम ९ लिटर, प्रेस फिरवून खांदे भरून आले. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) २८, अ‍ॅसिड लिटरला ९ ग्रॅम. हे ९ बघून मी खरा खूश झालो, कारण थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकतो, गरम जागी एवढी साखर चढेपर्यंत तो उतरून जातो आणि मग हातात येतो तो पाक.

आता गडबड. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता, साखरेचं अल्कोहोल होत जातं तशी उतरते) १.११९ होती आणि थोडी साखर उरावी म्हणून १.०३५ ला फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, तोडायचं ठरवलेलं. (जर्मनीतले मोझेलवाले गोड रीस्लिंग ८ टक्के अल्कोहोलच्या आसपासच थांबवतात, मला तेवढं गोड नको होतं.) १५ डिग्रीला इतकं हळू चाललेलं की मी निवांत झालो, वर दोन दिवस रिफ्रॅक्टोमीटरनेच (थेंबातून जाणाऱ्या उजेडावरून साखर मापणारा) मापत बसलो, अल्कोहोल आल्यावर तो सरळ रीडिंग देत नाही हे माहीत असूनही!! शेवटी हायड्रोमीटर (रसात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी नळी) सोडला तर १.०२८. तसाच कारबॉय (रस आंबवायची मोठी बाटली) उचलून फ्रिजमध्ये, २ डिग्रीवर, पण यीस्ट काय लगेच झोपत नाही, थांबेपर्यंत १.०२६ झालं. म्हणजे अल्कोहोल १२ च्या पुढे आणि साखर लिटरला ८५ ग्रॅमच्या आसपास.

दोन आठवडे थंडीत ठेवून गाळावरून सायफनने काढलं, ७.५ लिटर उरलं. मग मेटाबायसल्फाइट (बॅक्टेरिया आवरणारं सल्फाइट), मग सॉर्बेट (यीस्ट रोखणारं). क्रम महत्त्वाचा आहे, सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, त्यामुळे जोरात चाललेल्या रसात ओतून काही होत नाही. आणि सल्फाइट कमी पडून मॅलोलॅक्टिक बॅक्टेरिया (वाइनमधलं मॅलिक आम्ल लॅक्टिक करणारे) सॉर्बेटला भिडले तर जिरेनियमची पानं चुरगळल्यासारखा वास येतो, तो काही केल्या जात नाही.

परवा कारबॉय बाहेर खोलीत आणला आणि तासाभरात एअरलॉकने (गॅस बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) टुप्प केलं, म्हणजे परत आंबायला लागलं की काय. पोटात गोळाच आला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मापलं, १.०२६ च. म्हणजे थंडीत विरघळलेला गॅस ऊब लागल्यावर बाहेर पडत होता, बाकी काही नाही.

चव? जर्दाळू, मध, शेवटी लिंबाच्या सालीसारखा कडवटपणा. अल्कोहोल जरा घशाला लागतं, ते माझ्या आळसाचं. अजून थोडी गढूळ आहे. एक छोटी बाटली भरून उबेच्या जागी ठेवलीय, झाकण सैल, दहा दिवसांत तिच्यात बुडबुडा नाही आला तरच बाकीच्या भरेन.