सशाला इंग्रजीत काय म्हणतात?

पर्यवेक्षक साहेब यायचे होते म्हणून त्या दिवशी फळा दोनदा पुसून घेतला. पहिलीचा वर्ग, सोलापूरचा पूर्व भाग. निम्म्या पोरांच्या घरी यंत्रमाग नाहीतर विड्या, आणि बोलणं तेलुगू. शाळा मात्र मराठी माध्यमाची. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, ते या पोरांच्या वाट्याला तिसरी भाषा म्हणून. हे कुठल्या तक्त्यात मावत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, पहिलीचं इंग्रजी म्हणजे एबीसीडी. आमची खरी झटापट शब्दाच्या शेपटाशी. तेलुगू शब्द बहुतेक स्वरात संपतात, त्यामुळे पेनचा ‘पेन्नु’ होतो, बसचा ‘बस्सु’, बुकचा ‘बुक्कु’. मी रागवत नाही. गळ्याला बोट लावून ‘बस’ म्हणायला लावते. शेवटच्या ‘स’ला गळा थरथरता कामा नये, थरथरला की समजायचं, मागे ‘उ’ चिकटलाय. पोरांना गंमत वाटते, एकमेकांचे गळे तपासतात. जून ते दिवाळी यातच जाते, आणि ते मला जमतं असं मी अभिमानानं सांगत आले.

याच वर्गात एक मुलगी, चार महिने जवळपास मुकी. मराठीच्या तासाला मान खाली. पण ‘ओपन द डोअर’ म्हटलं की सगळ्यांच्या आधी दाराशी. चित्र दाखवलं की ‘रॅबिट’ म्हणायची, तेही शेपूट न लावता. हे रोज बघत होते, तरी माझ्या नोंदवहीत तिच्यापुढे ‘अप्रगत’च होतं.

साहेबांनी चित्रकार्डांना हात लावला नाही. तिला उभी करून विचारलं, “सशाला इंग्रजीत काय म्हणतात?” ती गप्प. मग तेच, मोठ्यानं. आवाज चढवला की न कळणारी भाषा कळते, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. शेरा पडला: इंग्रजी कच्चे.

ते गेल्यावर कार्ड दाखवलं. “रॅबिट.” विचारलं, ससा माहितीये? नकारार्थी मान. शेजारचा पोरगा म्हणाला, “बाई, कुंदेलु म्हणा की तिला.”

तिच्याकडे कुंदेलु होता, रॅबिट होतं. मधला ससाच नव्हता. आणि साहेब तर ‘सशाला’ म्हणाले; ससा ठाऊक असता तरी त्यात तिला तो दिसला असता का, कोण जाणे.

साहेबांवर चिडायचा मला काय हक्क? “रॅबिट म्हणजे ससा, डोअर म्हणजे दार,” मीही रोज हेच करते. ज्या खेळात मराठी मध्ये येत नाही, तिथेच ती पहिली येते.

त्याहून एक गोष्ट सलते. पालकसभेत तिच्या आईला मीच बजावलं होतं, “घरात मराठी बोला, तरच पोर पुढे जाईल.”

शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. मांडीवर सूप, कातरलेली पानं, तंबाखूचा वास. म्हटलं, पोरीशी तेलुगूतच बोला, खूप बोला.

तिनं माझ्याकडे बघितलं. “तुम्हीच बोलला होता की ओ बाई, मराठी बोला म्हणून. मला येतंय तेवढंच. म्हणून आता मी तिच्याशी कमीच बोलते.”

आणि हातातल्या विडीला दोरा गुंडाळून ती सुपात टाकली.