वजनकाट्यावरची फळं

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा (कार्बचा) आहार, सुरू केला तेव्हा साखर, ब्रेड आणि बटाट्यांसोबत फळंही मी एका दणक्यात बंद केली. दिवसाला ५० ग्रॅम कार्बच्या आत राहायचं ठरवलं होतं आणि एका मध्यम केळ्यातच २७ ग्रॅम कार्ब असतात हे वाचून धसकाच घेतला. तीन आठवडे रेटले. वजन उतरलं, पण पोट साफ होईना आणि जेवण झालं की जीभ काहीतरी रसाळ मागायची.

शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर आणून ठेवला. पहिला धक्का द्राक्षांनी दिला. येता-जाता तोंडात टाकायची ही वस्तू; तिचा कोण हिशेब ठेवतं? वीस द्राक्षं मोजून ठेवली तर काटा ९८ ग्रॅमवर थांबला. म्हणजे जवळजवळ १८ ग्रॅम कार्ब, आणि वाटीचा तळही धड झाकला नव्हता.

मग कार्बमधून फायबर, म्हणजे न पचणारा तंतुमय भाग, वजा करून बघायला लागले, तेव्हा चित्र बदललं. १०० ग्रॅम पेरूत कार्ब १४ ग्रॅम, पण त्यातलं पाचाहून जास्त फायबर. अ‍ॅव्होकॅडोत तर फायबर वजा जाता दोनच ग्रॅम उरतात. स्ट्रॉबेरीत साधारण सहा. बेदाणे आणि खजुरांचे आकडे मात्र सत्तरीच्या आसपासचे, ते मी सरळ सोडले. रसही सोडला, गाळला की फायबर चोथ्यात जातं आणि दोन-तीन संत्री एका घोटात संपतात.

कलिंगडाने मात्र फसवलं. १०० ग्रॅमला साडेसात म्हणजे चैनच, असं समजून मोठा वाडगा भरून खाल्ला. नंतर तेवढ्याच फोडी काट्यावर घातल्या तर ६०० ग्रॅम! दिवसाचा कोटा दुपारीच संपला होता.

आता फळ जेवणाला जोडूनच खाते, सोबत दही नाहीतर मूठभर बदाम. (मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर असे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत.) सफरचंद अर्धंच, सालीसकट. उरलेलं अर्धं ताटलीत पालथं घालून फ्रिजमध्ये ठेवते. संध्याकाळी काळपट पडलेलं का होईना, ते मिळेल म्हणून दार उघडावं, तर ताटली रिकामी. घरात कुणीच लो-कार्बवर नाही ना, माझ्याशिवाय.