तामे नि की यो नि?
आज जपानीच्या क्लासमध्ये हेतू सांगायची रूपं झाली. जे ठरवून करता येतं त्याला 'तामे नि': 'निहोन दे हाताराकु तामे नि', जपानमध्ये काम करण्यासाठी. जे नुसतं ठरवून होत नाही त्याला 'यो नि': 'हानासेरु यो नि', बोलता यावं म्हणून. 'वासुरेनाइ यो नि', विसरू नये म्हणून. इंग्रजी पुस्तकातून वाचताना हे डोक्यावरून जात होतं. मराठीत आणलं आणि चटकन बसलं, 'करण्यासाठी' आणि 'यावं म्हणून' आपण रोज वेगळं बोलतोच की! 'ताबे नि इकु' तर सरळ 'जेवायला जातो'. (मग आम्हाला इंग्रजीतून का शिकवतात, देव जाणे.) पुढच्या तासाला 'त्सुमोरि', म्हणजे मनातला बेत. बेन्क्यो सुरु त्सुमोरि देसु. अभ्यासाचा बेत तर आहे, बघू!