ज्येष्ठांचं तपासणी शिबिर: बीपीचा आकडा कुठे चुकतो

ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात सगळ्यात आधी कमी पडतात त्या खुर्च्या. मशीन असतं, फ्लेक्स तर हमखास असतो. पण रांगेत ताटकळलेली माणसं टेबलाशी आली की बसताक्षणी दंडाला पट्टा बांधतात आणि वाढलेला आकडा कार्डावर चढतो. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसणं लागतं. म्हणून प्रत्येक टेबलामागे पाठ असलेल्या दोन-तीन खुर्च्या 'विश्रांतीच्या' ठेवा. स्टूल नको. पाठीला टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला. लघवी करून यायला सांगा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री नको. मिश्रीबद्दल मुद्दाम विचारा, कारण ती लावणाऱ्या आजी तिला तंबाखू म्हणत नाहीत.

पट्टा बाहीवरून बांधू नका आणि घट्ट बाही वर सरकवून दंडही आवळू नका. पट्ट्यावर दंडाच्या घेराची मर्यादा सेंटिमीटरमध्ये छापलेली असते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा जास्त येतो. टेप आणि मोठा पट्टा जवळ असू द्या. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा.

शिबिरांत जवळपास कोणीच करत नाही ती गोष्ट म्हणजे उभं करून मोजणं. उभं राहिल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर हा माणूस पहाटे लघवीला उठताना पडू शकतो. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असं होतं. गोळी स्वतःहून बंद करायला सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

उपाशीपोटी शुगर ठेवली असेल, तर आदल्या दिवशीच निरोप द्या: बीपीची गोळी नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर घ्या, मधुमेहाची सकाळची गोळी किंवा सकाळचं इन्सुलिन मात्र तपासणीनंतर, नाश्त्याच्या वेळी. नाहीतर कोणीतरी घाम फुटून खाली बसतं. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. केळं सोललेल्या हाताची शुगर खोटी वाढलेली दिसते. सुई प्रत्येकाला नवी. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात तर नक्कीच.

१४०/९० च्या वर एकदा आलं म्हणजे रोग ठरला असं नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायला हवं. कार्डावर 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहिलं तर ते कपाटात जातं. आरोग्य केंद्राचं नाव, वार, वेळ लिहा आणि यादी आशाताईंकडे द्या. वरचा आकडा १८० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं यांपैकी काही असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय.

भाषण नाश्त्याच्या वेळी करा, तेही दहा मिनिटांत. सांगायचं एवढंच: दिवसाला मीठ एक चमच्याच्या आत, आणि त्यात पापड-लोणच्यातलंही धरायचं. उरलेला वेळ गोळ्यांच्या पिशव्यांना द्या. 'घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या' असं सांगितलेलं असेल, तर एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, दोन डॉक्टरांनी दिलेलं आणि रोज दोन्ही घेतलं जाणारं, तिथेच सापडतं.